पूल क्यूचं लिनन रॅप घोटायला हातात काय घ्यायचं: काच, हाड, स्टील की रोलर

रॅप, म्हणजे पूल खेळायच्या काठीच्या (क्यूच्या) मुठीवर गुंडाळलेला दोरा, प्रेस करायचं म्हटलं की पहिल्यांदा करणारा माणूस जोर लावतो, कारण शब्दच तसा आहे, प्रेस म्हणजे दाबणे, आणि जितकं दाबू तितकं सपाट बसेल असं वाटतं. तसं होत नाही. हे काम दाबायचं नाहीये, घोटायचं आहे. सोनार अकीकाच्या घोटणीने घोटतो ना, किंवा पूर्वी पोथ्यांचा हातकागद दगडाने नाहीतर शंखाने घोटून गुळगुळीत करायचे ना, तेच काम इथे क्यूच्या मुठीवर करायचं, फक्त कागदाच्या जागी दोरा आहे आणि घोटणी आपण स्थिर धरतो, फिरतो तो क्यू. हे एकदा डोक्यात बसलं की हत्यार निवडणं निम्मं सोपं होतं, कारण मग आपण वजन आणि ताकद बघत नाही, हत्याराचं तोंड किती गुळगुळीत आहे ते बघतो.

मी न्यू जर्सीत राहतो, गॅरेजमध्ये छोटं लेथ आहे, म्हणजे काम आडवं धरून गोल फिरवणारं यंत्र, आणि आमच्या लीगमधल्या मित्रांचे क्यू मी नीट करून देतो, त्यात सगळ्यात जास्त काम येतं ते रॅपचं. भारतात जे स्नूकर खेळतात त्यांच्या क्यूला रॅप नसतंच, मुठीला नुसतं लाकूड असतं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या क्लबात वाढलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटतो. पण अमेरिकन पूलचा क्यू घेतलात, साधारण ५८ इंची, दोन तुकड्यांचा, तर मुठीवर १२ इंचांच्या आसपास दोरा गुंडाळलेला बऱ्याचदा दिसेल. मुठीवर लेदर किंवा रबरही मिळतं, पण लिनन घाम पितो आणि तरी हाताखाली कोरडं लागतं, म्हणून जुने खेळाडू ते सोडत नाहीत. जॉर्ज बालाबुष्का, ज्यांचं नाव क्यू बनवणाऱ्यांत आजही सगळ्यात मानाने घेतात आणि जे १९७५ मध्ये गेले, त्यांच्या क्यूंवरही आयरिश लिनन असायचं. हा दोरा मुळात मासे पकडायच्या गळाच्या दोरीचा, कॉर्टलंडचा दोरा क्यूवाल्यांत प्रसिद्ध आहे तो त्यामुळेच, ती कंपनीच फिशिंग लाइनची.

आणि लिनन म्हणजे दुसरं काही नाही, जवस. आपण ज्याची चटणी करतो त्याच झाडाच्या खोडातला हा धागा. हे सांगायचं कारण म्हणजे या धाग्याचा स्वभाव कळल्याशिवाय हत्यार कळत नाही. जवसाचा धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट जास्त ताकदवान होतो, आणि ओलावा अधिक ऊब मिळाली की तो नमतो आणि सपाट होतो, वाळला की त्याच आकारात राहतो. लिननचा शर्ट ओलसर असताना इस्त्री केली तरच कडक बसतो, कोरड्यावर कितीही इस्त्री फिरवा सुरकुती जात नाही, तसंच. गोल दोरा घोटून चपटा झाला की तो दोन्ही बाजूंना थोडा पसरतो आणि शेजारच्या वेढ्याला भिडतो, मधल्या फटी बुजतात, आणि हाताला दोरा न लागता सलग पृष्ठभाग लागतो. दोरा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर १२ इंचात सहाशेच्या आसपास वेढे होतात, ते सगळे एकसारखे चपटे व्हायला हवेत. म्हणून हत्याराकडून आपल्याला हव्यात चार गोष्टी: ते दोऱ्यापेक्षा कडक हवं, त्याचं तोंड काचेसारखं हवं, त्याने रंग सोडता कामा नये, आणि घासताना होणारी ऊब प्रमाणात राहिली पाहिजे.

रंग सोडण्याचं आधी सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. पांढऱ्या दोऱ्यात हिरवे ठिपके असतात तो दोरा, एका मित्राचा क्यू, गुंडाळी सुरेख झाली होती. माझ्याकडे पितळेची एक गोल कांडी होती, आरशासारखी पॉलिश केलेली, म्हटलं याच्याइतकं गुळगुळीत काय असणार. लेथ सुरू केलं, कांडी टेकवली, आणि दोन सेकंदात पांढऱ्या दोऱ्यावर राखाडी पट्टा उमटला. घोटण्याआधी दोऱ्याला लावलेल्या ओल्या खळीत पितळ उतरलं होतं, ते पुसून जाईना, धुऊन जाईना, सगळा दोरा उलगडून फेकला आणि नव्याने गुंडाळला. त्या दिवसापासून कुठलंही हत्यार क्यूला लावायच्या आधी मी ते पांढऱ्या कागदावर जोरात घासून बघतो, मग तेच ओल्या पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यावर. रेघ उठली की ते हत्यार बाद. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम ही तिन्ही या परीक्षेत नापास होतात, ॲल्युमिनियम तर सगळ्यात वाईट. शिसवासारखी रंगीत लाकडंसुद्धा ओल्यावर रंग सोडतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता एकेक हत्यार बघू.

काच. माझं पहिलं हत्यार हेच आणि नवीन माणसाला मी हेच सांगतो. जाड काचेची छोटी बाटली किंवा जाड बुडाचा छोटा ग्लास चालतो. काच डाग पाडत नाही, खळ तिला फार चिकटत नाही आणि चिकटली तरी ओल्या फडक्याने निघते, शिवाय पारदर्शक असल्यामुळे खाली दोरा कसा बसतोय हे दिसतं, हा फायदा दुसऱ्या कशात नाही. पण बाटली साच्यात बनते त्यामुळे तिच्या अंगावर समोरासमोर दोन उभे सांधे असतात, नखाला जेमतेम लागतात, पण दोऱ्याला ते सुरीसारखे लागतात. बाटली उजेडात फिरवून ते सांधे शोधायचे, मार्करने त्यावर खूण करायची, आणि दोन खुणांच्या मधला भागच वापरायचा. दुसरी परीक्षा कापसाची: कोरडा कापूस काचेवरून फिरवायचा, एक तंतू जरी अडकला तरी तिथे टवका किंवा चरा आहे, ती बाटली ठेवून द्या. टेस्ट ट्यूब वापरू नका, पातळ असते, फुटली की तुमच्या तळहातात जाते. जाड काच घेतली तरी डोळ्यांना गॉगल हवाच, आणि लेथ फिरत असताना हातमोजे घालायचे नाहीत, मोजा फिरत्या जॉबमध्ये ओढला जातो.

हाड. पुस्तकं बांधणारे कागदाची घडी घालायला बोन फोल्डर वापरतात, ते कुठल्याही आर्टच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं. खऱ्या हाडाचंच घ्या, प्लास्टिकचंही त्याच नावाने विकतात. हाडाचा गुण असा की ते काचेपेक्षा थोडं मवाळ आहे, धागा तुटेल अशी भीती वाटत नाही, आणि हाताला जाणीव फार छान देतं, खाली एखादा वेढा वर आलाय तर बोटांना लगेच कळतं. पण नवीन फोल्डरचं तोंड दिसतं तितकं गुळगुळीत नसतं. मी ४०० च्या पॉलिश पेपरपासून सुरू करून ८००, १५००, २००० असं ओलं घासत जातो आणि शेवटी जीन्सच्या कापडावर घोटतो, मग त्याला जी चकाकी येते ती खरी. घासताना मास्क लावा, हाडाची धूळ छातीत जायला नको. हाड खळ पितं, म्हणून प्रत्येक वेळेला पुसून कोरडं ठेवायचं, भिजत ठेवलं की वर रवाळ होतं आणि पुन्हा पॉलिश करावं लागतं.

लाकूड. मेपलच्या ठोकळ्याला मुठीच्या गोलाईची खाच पाडून तो वापरणारे लोक आहेत, खाच असल्यामुळे एकाच वेळी मोठा भाग कवेत येतो आणि दाब वाटला जातो. हे पहिल्या हाताला, म्हणजे नुकती गुंडाळलेली गुंडाळी बसवायला बरं आहे. शेवटची चकाकी लाकडाने येत नाही, कारण लाकडाचे स्वतःचे रेषे असतात आणि ओल्याने ते उठतात. लिग्नम व्हिटे नावाचं लाकूड याला अपवाद, ते इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि तेलकट असतं, पण हलक्या रंगाच्या दोऱ्यावर मी ते तेलच नको म्हणून वापरत नाही.

डेलरिनसारखं कडक प्लास्टिक, मशीनच्या दुकानात रॉड मिळतो, लेथवर गोल करून पॉलिश करता येतो. गुळगुळीत चांगलं होतं, डाग पाडत नाही. पण वेग वाढवला की ते स्वतः तापून मऊ पडतं, दोऱ्याच्या वेढ्यांची नक्षीच त्याच्यावर उमटते, आणि मग ते पुढच्या वेळेला खडबडीत चालतं. कमी वेगात ठीक.

स्टील. इथे मत दोन आहेत आणि माझं मत बदलत गेलंय. कडक केलेल्या आणि आरसा पॉलिश केलेल्या स्टीलने जितका चपटा दोरा होतो तितका कशानेच होत नाही. पण साधं स्टील ओल्या दोऱ्याला लागलं की गंजाचा डाग देतं, म्हणून स्टेनलेसच हवं. दुसरं म्हणजे स्टील ऊब पटकन धरतं, पहिल्या मिनिटाला गार वाटतं म्हणून आपण दाबत जातो, आणि तिसऱ्या मिनिटाला दोऱ्यावर तपकिरी झाक यायला लागते. लिनन कापड म्हणून पुष्कळ उष्णता सहन करतं, इस्त्रीवर सगळ्यात गरम खूण लिननचीच असते, पण खालचा गोंद तेवढी सहन करत नाही, पांढरा गोंद उबेने मऊ पडतो आणि मग वेढे सरकायला लागतात. म्हणून स्टील मी फक्त काळ्या किंवा गडद दोऱ्याला, शेवटच्या एक-दोन फेऱ्यांना वापरतो, आणि प्रत्येक फेरीनंतर कांडी गालाला लावून बघतो, गालाला गरम लागली तर थांबायचं.

रोलर. लेथच्या टूल पोस्टवर, म्हणजे हत्यार पक्कं बसवायच्या खांबावर, बेअरिंग बसवून त्याने दाबत नेणारी जोडणी लोक करतात, दिसायला फार पक्की वाटते. पण रोलर फिरतो, घासत नाही, म्हणजे दाब आहे पण घोटणं नाही. दोरा चपटा होतो, चमक येत नाही. शिवाय बेअरिंगची कड टोकदार असते, ती पेपरने गोल केली नाही तर वेढ्यावर रेघ पाडते, आणि टूल पोस्टमुळे किती दाब पडतोय ते हाताला कळत नाही, जास्त झाला तर लाकडाला खळगा पडतो जो आयुष्यभर जात नाही. दिवसाला बरेच क्यू करणाऱ्या कारखान्याला ते परवडतं, एकेक क्यू करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं.

अकीक. हे मी सुट्टीत पुण्याला गेलो होतो तेव्हा सोनारांच्या हत्यारांच्या दुकानातून आणलं, लाकडी दांड्याला बसवलेला बोटभर दगड, एका बाजूला कुत्र्याच्या सुळ्यासारखा वाकलेला. काचेपेक्षाही कडक, डाग शून्य. सगळं रॅप याने करणं शक्य नाही, तोंड फारच छोटं आहे, पण रॅपची दोन टोकं, जिथे दोरा लाकडाला किंवा रिंगला भिडतो, तिथे बाटली नीट पोचत नाही आणि चुकून बाजूच्या पॉलिशवर घासते, तिथे हा दगड अप्रतिम चालतो. अकीक नसेल तर बोन फोल्डरचं निमुळतं टोक तेच काम करतं.

म्हणजे थोडक्यात विकत घ्यायचं काय, तर एक चांगली काच आणि एक चांगलं हाड. एवढ्यावर मी अनेक क्यू केलेत, बाकीची हत्यारं हौसेची.

आता प्रत्यक्ष काम, क्रमाने.

गुंडाळी झाल्यावर आधी नख फिरवून बघा. रॅपची खाच साधारण दोऱ्याच्या जाडीइतकी किंवा किंचित कमी खोल असते. दोरा लाकडाच्या वर फार उभा असेल, म्हणजे नख अडकून थांबतंय इतका, तर खाच उथळ आहे आणि ते कुठल्याही हत्याराने बसणार नाही, उलगडून खाच नीट करा. दोरा आधीच लाकडाच्या खाली असेल तर घोटल्यावर अजून खाली जाईल आणि हाताला पायरी लागेल. घोटून फरक पडतो तो जरासाच, चूक झाकण्याइतका नाही.

मग दोन्ही टोकांच्या शेजारी पेंटरची टेप लावा, एकावर एक दोन थर. बाजूचं पॉलिश वाचवायचं आहे, काचेचा एक चुकीचा फटका आणि क्लिअर कोटला ओरखडा.

लेथवर क्यू धरताना चकची, म्हणजे लेथच्या पकडीची, बोटं सरळ लाकडाला लावू नका, मधे लेदर किंवा रबराची पट्टी, आणि मधे आधार द्या नाहीतर क्यू थरथरतो आणि थरथरत्या क्यूवर काच धरली की लाटा उमटतात. हे झालं की लेथ हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा, दोऱ्याचं टोक कुठल्या बाजूला दाबलंय ते लक्षात घ्या, फिरण्याची दिशा अशी हवी की घासल्याने टोक आत बसेल, उचकटणार नाही.

लव काढायची. दोऱ्यावर बारीक केस असतात, ते ओलं फडकं फिरवून उभे करा, वाळू द्या, मग ६०० च्या पेपरने अगदी हलक्या हाताने, कमी वेगात, एकदाच. काही जण लायटरची ज्योत फिरवून लव जाळतात, मी करत नाही, कारण शेजारी पॉलिश असतं, गॅरेजमध्ये थिनर असतं.

खळ. आपण सुती साडीला देतो तशीच, दोऱ्याला कडक करायला आणि चपटा झालेला तसाच धरून ठेवायला. वॉलपेपरची खळ पाण्यात पातळ केलेली चालते, पांढरा गोंद एक भाग आणि पाणी तीन भाग हेही चालतं. मी पहिली वापरतो, कारण वर्षभराने रॅप मळलं की ओल्या फडक्याने ती पुन्हा मऊ होते आणि पुन्हा घोटता येतं. सुपरग्लू अजिबात नको, दोरा काचेसारखा होतो आणि लिननचा घाम पिण्याचा गुणच जातो, मग लिनन कशाला घातलं. लेथ दोनशे-तीनशे आरपीएमवर ठेवा, स्पंजने खळ लावा, बोटाने चोळा, जास्तीची लगेच पुसून घ्या. ओलं नाही, ओलसर हवं, हे कळायची खूण म्हणजे टिश्यू पेपर टेकवला तर त्याला ओल लागावी पण थेंब उतरू नये.

मग काच. वेग सहाशे ते आठशे. मुठीचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर ८०० आरपीएमला दोरा काचेखालून मिनिटाला ७५ मीटरने धावतो, म्हणजे घासणं भरपूर होतंय, वेगळा जोर लावायची गरज नाही, बाटलीचं वजन आणि मनगटाचा हलका भार पुरतो. काच क्यूच्या मध्यरेषेच्या किंचित खाली धरा आणि तिचा मागचा भाग दोरा ज्या बाजूने धावत येतोय त्या बाजूला झुकवा, म्हणजे ती दोऱ्यात रुतणार नाही, नुसती सरकेल. आणि आडवी ढकलू नका, हे फार महत्त्वाचं, कारण वेढे उभे आहेत आणि तुम्ही हत्यार आडवं रेटलं की ते एकमेकांवर चढतात, मागे फट पडते. माझी पद्धत अशी की गुंडाळी जिथून सुरू झाली त्या टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू जायचं, १२ इंच जायला मिनिटभर घ्यायचं, आणि परत येताना काच उचलून घ्यायची.

पहिल्या फेरीत आवाज खरखरीत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो बदलतो, मऊ होतो, रेशमी कापडावरून हात फिरवल्यासारखा, आणि दोऱ्यावर उजेडाची एक सलग रेघ दिसायला लागते, आधी ती तुटक ठिपक्यांची असते. ती रेघ सलग झाली की थांबा. त्याच्या पुढे घोटलं तर फायदा नाही, ऊबच वाढते.

टोकांना अकीक किंवा हाड, लेथ अगदी हळू किंवा हाताने फिरवत.

मग रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी हलकीच दुसरी खळ आणि हाडाने दुसरी घोटाई, हजारच्या आसपास आरपीएम, दोन फेऱ्या. क्यूच्या जाहिरातीत डबल प्रेस्ड लिहितात ते असं दोनदा घोटणंच. शेवटी किराणाच्या तपकिरी कागदी पिशवीचा तुकडा घडी करून फिरत्या रॅपवर धरा, कागद उरलेली लव आणि सुटी खळ घेऊन जातो.

ज्यांच्याकडे लेथ नाहीये आणि फक्त मळलेलं, फुललेलं रॅप ताजं करायचंय त्यांच्यासाठी हेही सांगतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याला हे वर्षातून एकदा तरी लागेल, दमट हवेत लिनन फुगतं आणि लव उठते. क्यूचा मागचा भाग मांडीवर आडवा घ्या, ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं रॅपभोवती गुंडाळून एक-दोन मिनिटं धरा, मळ पुसा. मग बोन फोल्डर वेढ्यांच्या दिशेने, म्हणजे क्यूच्या गोलाईने, एका हाताने क्यू फिरवत फिरवत घासा, एका वेळी दोन इंच. त्यानंतर लेदरची पट्टी क्यूभोवती अर्धी घालून बुटाला पॉलिश करताना कापड ओढतात तशी दोन्ही टोकांनी मागे-पुढे ओढा, ऊब येते आणि चमकही येते. नवीन रॅपइतकं सपाट होणार नाही, पण हाताला फरक नक्की कळेल. ड्रिलला क्यू लावून फिरवायच्या भानगडीत पडू नका, दोन तुकडे जोडणारी जॉइंटची पिन वाकली तर क्यू गेला.

टेप काढताना रॅपच्या दिशेने ओढू नका, रॅपपासून लांब, तिरकी ओढा, नाहीतर शेवटचा वेढा टेपबरोबर वर येतो. आणि क्यू लगेच बंद केसमध्ये घालू नका, आतमध्ये ओल अडकते, दोन दिवस मोकळ्या हवेत आडवा ठेवा, मगच खेळायला घ्या.